सिंह रास दादाच्या नावे

मी, खाली सही करणारी, वय तेवीस, धंदा केस कापणं, राहणार सलूनच्या वरच्या खोलीत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहिते आहे. पुरावा हाच, की भूल उद्या सकाळी देणार आहेत. पित्ताशयातला खडा काढायचाय. डॉक्टर म्हणाले, "अगं, हे म्हणजे आमच्याकडचं ट्रिमिंग." ट्रिमिंग मीही करते, त्यामुळे त्यात कधीकधी कानही कापला जातो हे मला माहीत आहे. म्हणून लिहिते. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही, फक्त उपाशी ठेवलंय.

माझं मराठी इंग्रजी शाळेत वाढलंय. तेव्हा यातले कायद्याचे शब्द वकीलबाईंचे, बाकीचे माझे. वकीलबाई आमच्या गिऱ्हाईक, रास कन्या. खुर्चीतून उठल्या की स्वतःचे कापलेले केस स्वतःच झाडून काढतात.

एक. घर. मला घर नाही. खोली आईची आहे, त्यातली एक पिवळीधमक भिंत तेवढी माझी. सिंह राशीचा रंग म्हणून मी रंगवली. आईला ती बघून डोकं दुखतं. माझ्यामागे खुशाल पांढरी करा, मी भूत होऊन येणार नाही.

दोन. बचत. बँकेत जे काही निघेल त्यातून सलूनचं गळकं बेसिन बदला. केस धुताना गिऱ्हाइकाच्या पाठीत पाणी जातं आणि आई म्हणते, "तेवढाच थंडावा!" थंडीतसुद्धा हेच म्हणते.

तीन. हत्यारं. माझी कात्री डावखुऱ्यांची आहे. उजव्या हाताच्या माणसानं धरली तर केस कापत नाही, चावते. पुढेमागे सलूनमध्ये डावखुरी मुलगी कामाला आली तर कात्री तिची. तोवर त्या कात्रीनं कोणीही पाकिटं, दोऱ्या, कोथिंबीर कापू नये. दादा, हे तुला सांगतेय.

चार. ज्ञान. हे मी सलूनलाच ठेवते, कारण माझी खरी कमाई हीच. दोन मेष शेजारी बसवू नका, "माझं आधी" यावरून भांडतात. तूळवाल्यांना कधीच दोन पर्याय दाखवू नका, संध्याकाळ होईल. मिथुन आरशाशी, फोनशी आणि तुमच्याशी एकदम बोलतात, तुम्ही "हो का!" एवढंच म्हणा. धनू मान हलवतात, मानेवर हात ठेवा. वृश्चिकेला कट आवडला नाही तर ती गोड हसून जाते आणि वर्षभर फिरकत नाही. म्हणून हसली की घाबरा. मी राशीवरून अपॉइंटमेंट लावायला लागल्यापासून सलूनमध्ये एकही भांडण झालेलं नाही. आई याचं श्रेय नव्या पंख्याला देते. देऊ दे.

पाच. जुना हिशेब. आमचे ज्योतिषीकाका आईची पत्रिका फुकट बघतात आणि आई त्यांचे उरलेसुरले केस फुकट कापते. माझं ज्योतिष अर्धं त्यांच्याकडून, अर्धं ऑनलाइन. तरी चारचौघांत ते मला म्हणाले होते, "पोरी, तुझा उत्साह उच्चीचा आहे, गणित नीचेचं." काका, तुम्हाला मी तीन नंबरची खुर्ची ठेवते. ही खुर्ची बसलेल्या माणसाला घेऊन हळूहळू खाली जाते. माणसाला कळतसुद्धा नाही.

सहा. आता मुख्य मालमत्ता.

दादा आणि मी जुळे. तो थोडा आधी, मी थोडी नंतर. तेवढ्यात चंद्र आश्लेषा नक्षत्र संपवून मघेत शिरला, म्हणजे कर्क संपली आणि सिंह लागली. तो कर्क, मी सिंह. इंग्रजी शाळेत सूर्यावरून रास धरायचे, तिथे आम्ही दोघंही कुंभ. घरी येऊन दप्तर टाकलं की तो खेकडा आणि मी सिंहीण. ज्योतिषीकाकांनी बारशाआधीच सांगून टाकलं होतं, मुलगा हळवा, घरकोंबडा; मुलगी राज्य करेल. आईनं ते जसंच्या तसं अमलात आणलं.

त्याच्यासमोर कोणी रडका सिनेमा लावायचा नाही. मला मात्र प्रत्येक वक्तृत्व स्पर्धेत ढकलायचं. मी स्टेजवर जाऊन उलटी करायचे आणि माझं भाषण खालून दादा घडाघडा म्हणायचा. शाळेच्या कॅम्पला सिंहिणीनं पहिल्याच संध्याकाळी "आई, ने मला" म्हणून भोकाड पसरलं. आई न्यायला आली तेव्हा खेकडा झाडावर उलटा लटकून इतरांना भुतांच्या गोष्टी सांगत होता. येताना आई मला म्हणाली, "तुझं पोट बिघडलंय." मनात एकदा रास बसली की आईला डोळ्यांनी दिसलेलंही खोटं वाटतं.

आता दादाला नोकरी आलीय. मोठ्या प्रवासी जहाजावर केस कापायची. आमच्या तिघांत सगळ्यात चांगला हात त्याचा आहे, हे मी मृत्युपत्रात कबूल करते, एरवी करणार नाही. गुरुवारपर्यंत होकार कळवायचाय. आई नाही म्हणते.

मी म्हटलं, "आई, कर्क ही जलरास आहे! खेकडा पाण्यातच राहतो. जहाज काय डोंगरावर चालतं?"

आई वस्तरा पुसत म्हणाली, "खेकडा काठावर असतो. खोल समुद्रात बघितलायस कधी?"

माझ्या सगळ्या ज्योतिषाचं तिथेच पाणी झालं. बाबांना विचारलं, तर बाबा तूळ. ते म्हणाले, "तिचंही बरोबर आहे, तुझंही बरोबर आहे," आणि भाजी आणायला गेले.

आणि दादा? दादा म्हणतो, "जाऊ दे गं. मी गेलो तर आई रडेल."

"ती रडेल तेव्हा रडेल. तू का आत्तापासून तोंड पाडून बसलायस?"

"मी कर्क आहे ना," म्हणाला आणि टॉवेलच्या घड्या घालायला लागला. एकाच टॉवेलची घडी तो परत परत घालत होता. माझ्या खड्यापेक्षा मला ते जास्त दुखलं.

म्हणून, मी माझी सिंह रास, मघा नक्षत्र, त्यातला रुबाब आणि हट्ट यासकट, कोणताही बोजा न ठेवता माझ्या दादाच्या नावे करते. बदल्यात त्याची कर्क, तिच्या घरकोंबडेपणासकट, मी घेते. सलून सोडून मला कुठेही जायचं नाही, कधीच नव्हतं. माझ्या दंडावर सिंहाचा टॅटू आहे. टॅटूवाला म्हणाला, खेकडा होणार नाही, फार तर मांजर होईल. चालेल.

वकीलबाईंनी हे कलम डोक्याला रंग लावून बसलेल्या असताना वाचलं.

"रास कशात धरू? चल मालमत्ता की अचल?"

"चंद्र चालतो ना हो. चलच."

"अगं, पण मृत्युपत्र तू गेल्यावर लागू होतं. जहाज थांबणारेय तोवर?"

"मग हे एक कलम आजपासून लागू, असं लिहू?"

"लिही. कोर्ट हसेल."

"कोर्टासाठी नाहीच आहे ते. आईसाठी आहे."

वकीलबाईंनी स्वतःचं पेन काढून माझ्या हातात दिलं. तर, कलम सहा आजपासून लागू.

सात. आई. या मृत्युपत्रात आईला मी काहीही ठेवलेलं नाही. वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराला काही द्यायचं नसतं, नाहीतर पुढे घोळ होतो. आणि साक्षीदार मला आईच हवी आहे. ती शाम्पूच्या बाटलीवरचा बारीक मजकूरसुद्धा पूर्ण वाचते, तेव्हा वाचल्याशिवाय सही करणार नाही. आई, सही केलीस की वरचं सगळं तू वाचलंस, असं मी धरून चालणार. कायदा काय धरतो ते वकीलबाईंना विचार. मी उद्या शुद्धीवर येईन तेव्हा डोळे फिरवून मला विचारू नकोस, "हे काय लिहिलंयस?" टाके दुखतील. दादाशी बोल.

यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. दहावीत मैत्रिणीला लिहून दिलेला कागद धरू नये, त्यात मी तिला दादा दिला होता.

सही: डाव्या हातानं केली आहे, तीच खरी
ठिकाण: सलूनची मागची खोली, टॉवेलांच्या कपाटाजवळ
तारीख: ऑपरेशनचा आदला दिवस, सोमवार

साक्षीदार: शेजारचे चष्मेवाले. माझ्यासमोर सही झाली. मुलगी शुद्धीत आहे, नेहमीइतकी.

साक्षीदार: आई. सगळं वाचलं, दोनदा. रास अशी कोणाची कोणाला देता येत नाही, तुझं गणित खरंच कच्चं आहे. उद्या मी दवाखान्यात तुझ्यापाशी असणार, तेव्हा सलून त्यालाच बघावं लागेल. परवा मात्र त्याला म्हणावं, आधी जाड मोजे घेऊन ये. समुद्रावर पाय गारठतात. मग त्या जहाजवाल्यांना फोन कर.