बाहुलीला हात लावलेला नाही

८ फेब्रुवारी, रविवार
सकाळी दूध, भाजी. दुपारी झोप लागली नाही. संध्याकाळी भटनागरसाहेबांकडे डॉल कलेक्टर्सच्या ग्रुपची मीटिंग. ग्रुप माझ्या बायकोचा, चंद्रप्रभाचा. ती ऑक्टोबरमध्ये गेली. तिच्या जागी मी जातो, कोपऱ्यात बसतो, चहा घेऊन परत येतो.

आज वाद झाला. लिमिटेड एडिशनच्या बाहुल्यांमध्ये बदल करावेत का? म्हणजे केस कापणं, चेहरा पुसून नवा रंगवणं, कपडे बदलणं. अंशुमन भटनागर ग्रुपचे प्रेसिडेंट, रिटायर्ड जॉइंट सेक्रेटरी. ते म्हणाले, कंपनीने दिली तशी ठेवा, डबा उघडला की बाहुली संपली. इथे दिल्लीत मुनिरक्याला खोली घेऊन राहणारी भक्ती म्हणून एक मुलगी आहे. मूळची साताऱ्याची, पीएचडी करते, आणि लोकांच्या बाहुल्यांचे चेहरे रंगवून देते. ती म्हणाली, अंकल, फिर तो आप डिब्बे कलेक्ट करो ना. सगळे हसले. मी हसलो नाही.

मी त्या ग्रुपमध्ये आजवर एक शब्द बोललो नव्हतो. आज बोललो. म्हणालो, स्टेटस को, जैसे थे. भटनागरसाहेबांनी माझा हात हातात घेतला आणि २९ मार्चच्या वार्षिक मेळाव्यात बदलविरोधी बाजू मांडायला माझं नाव घातलं. उदाहरण म्हणून चंद्रप्रभाची शेवटची बाहुली मांडायची. ती सप्टेंबरात आली. चंद्रप्रभाने डबा उघडला नाही, कपाटावर ठेवला. तिथेच आहे. तिच्यानंतर कोणी हलवलेली नाही अशी घरातली ती एकच वस्तू. ती तशीच राहणार. निश्चय.

११ फेब्रुवारी
डब्यावरची धूळ पुसली. धूळ कंपनीने दिलेली नव्हती, त्यामुळे हा बदल नाही. परत ठेवताना डबा जरा डावीकडे गेला. नंतर पुन्हा उजवीकडे सरकवला. आता पूर्वी नक्की कुठे होता ते सांगता येत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार
डबा उघडला.

कारण स्पष्ट आहे. इन्स्पेक्शन न करता मी मेळाव्यात बोलणं म्हणजे फाइल न वाचता सही करणं. टेप ब्लेडने कापली, सरळ रेषेत. इन्स्पेक्शन आणि बदल यांत फरक आहे. आमच्या लक्ष्मीबाई नगरात हे सगळ्यांना कळतं. सरकारी क्वार्टरमध्ये ऑल्टरेशनला परवानगी नाही, रिपेअरला आहे. सगळ्यांनी बाल्कन्या काचा लावून बंद केल्यात, आतल्या भिंती पाडल्यात, एकाने तर बाथरूम हलवलंय. ऑल्टरेशन कोणीही केलेलं नाही.

बाहुली हातभर उंच. परदेशी बाई. काळा झगा, बाह्या नाहीत, पाठ उघडी. डोळे निळे, नजर तिरकी. घरात एकटा पुरुष असताना हे बरं दिसत नाही. रुमाल टाकला.

१७ फेब्रुवारी
रुमाल घसरतो. तात्पुरती व्यवस्था हवी.

चंद्रप्रभाची जांभळी इरकल काढली. आतल्या बाजूच्या टोकाचा, जो कमरेला खोचला जातो आणि कोणालाच दिसत नाही, असा तुकडा कापला. साडीचं काही बिघडलेलं नाही. डस्ट कव्हर म्हणून छान.

१८ फेब्रुवारी
पदर नसेल तर ती साडी दिसत नाही, लुंगी दिसते. थोडा पदर कापला.

१९ फेब्रुवारी
थोड्या पदराला काठ एकाच बाजूला येतो. उरलेला कापला. आता विषय संपला.

निऱ्यांची अडचण. एवढी वर्षं रोज सकाळी समोर बघितलं, पण डावीकडे की उजवीकडे ते आठवेना. खालच्या मजल्यावरच्या कुमुदिनीवहिनी जिन्यात भेटल्या. त्या आणि चंद्रप्रभा रोज एकत्र फिरायला जात. त्यांना सहज, जनरल विचारल्यासारखं विचारलं, साडीच्या निऱ्या कुठल्या बाजूला वळतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, भावजी, जेवण वेळेवर घेता ना? मी हो म्हणालो. उत्तर मिळालं नाही.

२६ फेब्रुवारी
ऑफिसच्या कामाने पानिपत. मराठी माणूस पानिपतला गेला की ऑफिसमधले तेच तेच विनोद करतात, यंदाही केले. मीटिंग लवकर संपली. सगळ्यांनी ब्लँकेट्स घेतली. मी लोकरीचा सॅम्पलचा छोटा तुकडा मागितला. दुकानदार म्हणाला, साहब, इसमें तो बच्चा भी नहीं आएगा. मी म्हणालो, मिसेस के लिए चाहिए. त्याने कागदात बांधून दिलं.

शाल बरोबर बसली. दिल्लीची थंडी जाता जाता बाधते, हे चंद्रप्रभा नेहमी म्हणायची. शाल बदलात धरत नाहीत. काढता येते.

८ मार्च, रविवार
मुनिरक्याला गेलो. हेतू, भक्तीला माझी बाजू नीट समजावणं. मेळाव्यात समोर तीच बोलणार आहे, आधी चर्चा झालेली बरी. बाहुली रेफरन्ससाठी टिफिनच्या पिशवीतून नेली.

खोली चौथ्या मजल्यावर, जिना खांद्याएवढा. टेबलावर बिनचेहऱ्याच्या बाहुल्या रांगेत. जरा दचकलो. भक्तीने पिशवीत डोकावलं आणि म्हणाली, काका, तुम्ही तर भटनागर पार्टीचे ना, मग हे काय? मी म्हणालो, डस्ट कव्हर. ती म्हणाली, डस्ट कव्हरच्या निऱ्या उलट्या आहेत. तिने सरळ करून दिल्या. हे रिपेअरमध्ये येतं.

मग मी नजरेचा मुद्दा काढला. तिरकी नजर हा मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट आहे. डिफेक्ट दुरुस्त केला तर वस्तू मूळ स्थितीत येते, लांब जात नाही. भक्ती म्हणाली, काका, तुम्ही वकील व्हायला हवं होतं. ब्रश घेतला. डोळे काढायचेच तर काळे काढ म्हणालो. भांगाजवळ एक पांढरी बटही सांगितली. केस पांढरे होतात तेव्हा रंग जातो. म्हणजे तिने रंग घालायचा नाही, काढायचा.

भक्तीने विचारलं, काकूंचा फोटो आहे का फोनमध्ये? मी म्हणालो, फोटोची गरज नाही, मी सांगतो. सांगत बसलो. डाव्या गालावर तीळ, नाकापासून थोडा लांब. वरचा ओठ पातळ. ऐकताना हनुवटी किंचित पुढे. सांगायला वेळ लागला. मध्ये तिने चहा केला. मी आधी तो नको म्हणालो होतो. नंतर नंतर तिने चेष्टा केली नाही.

माझी बाजू समजावायची राहिली. पण एकंदरीत चर्चा पॉझिटिव्ह झाली.

१५ मार्च, रविवार
संपदा गुडगावहून आली. पाडव्याला आईची जांभळी इरकल नेसायची म्हणाली. इतके दिवस तिने आईचं काहीच मागितलं नव्हतं. मी कपाट उघडून दिलं आणि पाणी आणायला गेलो.

परत आलो तर साडी पलंगावर उलगडलेली. ती म्हणाली, बाबा, पदर कुठाय? मी कपाटावर बोट दाखवलं. तिने बाहुलीकडे बघितलं. मग म्हणाली, मला एक साडी हवी होती बाबा. फक्त एक. मी तिच्या लक्षात आणून दिलं की साडी जवळपास पूर्ण शिल्लक आहे. ती चप्पल घालून निघून गेली. बहुतेक ट्रॅफिकचं टेन्शन.

भाषणाचा पहिला परिच्छेद लिहिला. “दुर्मिळ वस्तूला हात लावण्याचा मोह आवरणं हीच संग्राहकाची खरी परीक्षा.” चांगला झालाय.

२२ मार्च, रविवार
काल चैत्रगौर बसली. वर्ष व्हायचंय, त्यामुळे यंदा आमच्याकडे सण नाही. नाहीतर चंद्रप्रभा या दिवसांत सगळ्या बाहुल्या मांडून आरास करायची आणि कॉलनीतल्या बायका बघायला यायच्या. पंजाबी, तमिळ, सगळ्या. त्या बाहुल्या संपदा डिसेंबरात घेऊन गेली. ही तेवढी मी दिली नाही, सील्ड होती म्हणून.

संध्याकाळी कुमुदिनीवहिनी आंब्याची डाळ आणि पन्हं घेऊन वर आल्या. त्यांच्याकडचं हळदीकुंकू नुकतंच आटोपलं होतं, तबक हातातच होतं. मी वाट्या रिकाम्या करायला स्वयंपाकघरात गेलो. बाहुली टेबलावर होती, पॉलिश करायला काढलेली. म्हणजे पुसायला.

बाहेर आलो तर वहिनी बाहुलीच्या कपाळाला हळदीकुंकू लावत होत्या. आधी हळद, मग कुंकू, नेहमीसारखं. लावून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. म्हणाल्या, सवय हो भावजी. आणि तबक घेऊन खाली गेल्या. पन्ह्याची वाटी माझ्या हातातच राहिली.

बाहुली व्हिनाइलची, हळदीचा डाग धरते, हे त्यांना माहीत नसणार.

२३ मार्च
ऑफिसला हाफ डे. कुंकू ओल्या फडक्याने निघालं. हळद निघत नाही. साबण, खोबरेल तेल, लिंबू. हळद तशीच, उलट चमक आली. शेवटी चंद्रप्रभाच्या ड्रॉवरमधला नेलपॉलिश रिमूव्हर मिळाला. कापसाने हलक्या हाताने लावला.

हळद थोडी फिकी झाली. डावी भुवई पूर्ण गेली.

त्यानंतर भक्तीचा मेसेज वाचला, सकाळी मीच विचारलं होतं. काका, हळद उन्हात ठेवा, आपोआप उडते. बाकी काहीही लावू नका, रिमूव्हर तर अजिबातच नको. मुलगी हुशार आहे, पण मेसेज लांब लिहिते.

२५ मार्च
भुवई ऑफिसच्या काळ्या पेनने काढली. जरा वर गेली. आता चेहऱ्यावर “असं का, बरं” असा भाव आलाय. हा भाव माझ्या ओळखीचा आहे. मी काही ठामपणे सांगितलं की यायचा.

भुवईला पुन्हा हात लावणार नाही. स्टेटस को.

२८ मार्च
भाषण पाठ. डबा पुन्हा टेपने बंद केला, सरळ रेषेत. शाल आत मावली.

२९ मार्च, रविवार
मेळावा झाला. हॉल भरलेला. संपदा येईल असं वाटलं नव्हतं, शेवटच्या रांगेत बसली होती.

मी बोललो. हिंदीत, थोडं इंग्लिश. म्हणालो, वस्तू जशी आपल्याकडे आली तशी राखणं हा तिचा मान आहे, बदल करणाऱ्याला वस्तू नको असते, स्वतःची आठवण हवी असते. भाषणाच्या शेवटी उदाहरण म्हणून डबा उघडला आणि बाहुली टेबलावर उभी केली.

भटनागरसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, गुणवंतजी, ये कौन हैं? मी म्हणालो, ओरिजिनल कंडीशन. त्यांनी मान हलवली, पण हो अशी नाही. विरोधी बाजूसाठी भक्तीचं नाव पुकारलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, मुझे कुछ नहीं कहना, अंकल ने सब कह दिया. खाली बसली. मला वाटलं, जिंकलो.

मग मांडलेल्या बाहुल्यांच्या स्पर्धेचा निकाल. बदललेल्या बाहुल्यांच्या विभागात पहिला नंबर, मिस्टर गुणवंत. टाळ्या बराच वेळ चालल्या. मी उठून सांगितलं की कॅटेगरी चुकलीय, लेखी हरकत, रिप्रेझेंटेशन, देतो. लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या. भटनागरसाहेबांनी मात्र वाजवल्या नाहीत. जाताना म्हणाले, डिब्बा तो संभाल के रखते.

संपदाने गाडीतून घरी सोडलं. रिंगरोड लागला. मग म्हणाली, बाबा, डबा आईने का उघडला नव्हता माहितीय ना? मी म्हणालो, अर्थात, तत्त्व म्हणून. ती म्हणाली, कसलं तत्त्व. आईने दुसरी मागवली होती, ही चुकून आली. आई डब्यावरचं चित्र बघून म्हणाली, नजर बघ मेलीची, ही बाई घरात नको. परत पाठवायची म्हणून डबा उघडला नाही. तुम्हाला सांगितलं होतं कुरिअरला द्यायला. तुम्ही म्हणालात, उद्या देतो.

मला असं काही सांगितल्याचं आठवत नाही. सप्टेंबरात ऑफिसमध्ये ऑडिट होतं. मग ऑक्टोबर आला.

संपदा म्हणाली, डबा तरी द्या, मीच कुरिअर करते. चेष्टा होती. ती हसायला लागली आणि थांबेना. सिग्नलला गाडी उभी होती, शेजारचा स्कूटरवाला बघत होता. मग तिने काच खाली केली आणि बराच वेळ बाहेर बघत राहिली. सिग्नल हिरवा झाला तरी.

घरी वर आली. चहा घेतला. बाहुली मी बशीशेजारी ठेवली होती. तिने शाल सारखी केली, तिळावरून अंगठा फिरवला, म्हणाली, तीळ बरोबर आहे. उरलेली इरकल घडी घालून पर्समध्ये घातली. कुर्ता शिवते म्हणाली. मी म्हणालो, चांगली साडी आहे, कशाला कापतेस. तिने पर्सची चेन लावली.

ती गेल्यावर रिप्रेझेंटेशन लिहायला घेतलं. विषय लिहिला. पुढे सुचलं नाही.

उद्या सोमवार. निळ्या शर्टाला इस्त्री केली. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. हँगरला लावला.