नववं पान

भोसरी,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय निरंजनदादास,

नमस्कार. दसऱ्याला सोनं द्यायला तुझ्याकडे यायचं होतं, पण तू फोन उचलत नाहीस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केलं आहेस. म्हणून हा कागद. सुजितच्या हाती देत नाही, पोस्टाने पाठवते. माझ्या नवऱ्याला आपल्या दोघांच्या मधला पोस्टमन करायची सवय तुला लागली आहे, ती मला लावून घ्यायची नाही.

आम्ही बरे आहोत. वहिनींचा गुडघा कसा आहे? परवा उदगीरहून आईचा फोन होता. "तुमचं दोघाचं काय बिनसलंय गं?" म्हणून खोदून खोदून विचारत होती. मी म्हटलं, काही नाही, दादाला कंपनीत काम फार आहे.

काम मलाही फार आहे. निवडणुकीच्या गोष्टी सुरू झाल्यापासून फ्लेक्सच्या दुकानात मान वर करायला फुरसत नाही. भोसरीत जेवढी घरं तेवढे भावी नगरसेवक, आणि प्रत्येकाला फोटोत गोरं व्हायचं आहे. दिवसभर मी लोकांचे चेहरे उजळत बसते. मला कॉम्प्युटरच्या क्लासला तू घातलंस तेव्हा असं काही काम असतं हे आपल्या दोघांनाही माहीत नव्हतं.

आता तुझा निरोप. दसऱ्याला यंत्रपूजा झाल्यावर तू गेटवर येऊन सुजितला जे सांगितलंस ते त्याने मला जसंच्या तसं सांगितलं. मालकांना माझी 'हात बाहेर' ही चित्रकथा आवडली. कंपनी ती रंगीत छापणार, वर कंपनीचं नाव घालणार आणि सगळे हक्क विकत घेणार. सुजितला गेटवर कायम करणार. फक्त नववं पान काढून टाकायचं, आणि नेटवर जी आहे ती उतरवायची. "तिला जरा समजाव," असंही तू म्हणालास.

दादा, नववं पान मी काढणार नाही.

हे आधी लिहून टाकलं म्हणजे पुढचं तुला शांतपणे वाचता येईल. हक्क विकायचे म्हणशील तर ते मला विकता येतच नाहीत. तुला वाटतं नेटवर टाकलं म्हणजे रस्त्यावर टाकलं, कधीही उचलून आणता येईल. तसं नसतं. त्या पुस्तकातली पत्रा दाबणारी प्रेस मशीन मी काढलेली नाही. कोइमतूरच्या एका मास्तरांनी मशीनची चित्रं काढून खुल्या परवान्यावर ठेवली आहेत. कुणीही घ्या, छापा, बदला, अगदी विकासुद्धा. अट एवढीच, की मूळ कुणाचं ते लिहायचं, आपण काय बदललं ते लिहायचं, आणि त्यातून जे नवं होईल तेही दुसऱ्यांसाठी असंच खुलं ठेवायचं. मी त्यांची मशीन घेतली, तिच्यापुढे आपली माणसं उभी केली, आणि माझं पुस्तक त्याच परवान्यावर ठेवलं. तो एकदा दिला की परत घेता येत नाही. उद्या मी ते नेटवरून उतरवलं तरी ज्यांच्याकडे गेलं आहे त्यांचा हक्क तसाच राहतो.

दुकानाचे मालक बुद्धरत्नभाऊ मला म्हणाले होते, "अगं, एवढी मेहनत करून फुकट कशाला देतेस? तुझं काय राहिलं मग त्यात?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं. आता देता येतं.

शेजारच्या खोलीत ओडिशाची मुलं राहतात. त्यांच्यातल्या एकाने मोबाइलवर मला माझंच पुस्तक दाखवलं, त्याच्या भाषेत. कुणी केलं हे त्यालाही माहीत नव्हतं, गावाकडच्या ग्रुपवर आलं म्हणाला. अक्षर एक कळेना, पण चित्रं माझीच. पहिल्या पानावर माझं नाव होतं, मास्तरांचं होतं, आणि खाली एक ओळ होती. ती मी त्याच्याकडून वाचून घेतली: "डब्यात भाकरी होती, त्याऐवजी भात दाखवला आहे." मी हसले आणि मग रडलेही. त्या माणसाला विचारणारं कोण होतं? तरी त्याने भाकरीचा भात केला तेवढंसुद्धा लिहून ठेवलं. नववं पान मात्र जसंच्या तसं होतं.

आणि तू म्हणतोस, त्या पानावरचा माणूस कोण, हे लोक विचारतील.

त्या माणसाला मी चेहरा दिलेला नाही. पाठमोरा सुपरवायझर आहे. टार्गेट गाठायचं म्हणून तो चावी फिरवून प्रेसचा सेन्सर बंद करतो आहे, म्हणजे हात आत गेला तरी मशीन थांबणार नाही. खाली लिहिलं आहे, "चावी फिरली की मशीनपासून लांब व्हा आणि विचारा." बस. निळा शर्ट, कमरेला पिवळ्या नाडीची चावी. पिंपरीपासून चाकणपर्यंत असे शंभर तरी सापडतील. मग तूच कसा ओळखलास, दादा?

हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण तुला मी कधी फसवलं नाही, आताही फसवायचं नाही.

सुजितची बोटं गेली तेव्हा चौकशीत ठरलं, की ऑपरेटरने घाई केली. तूही तेच सांगितलंस. सुजित तर दवाखान्यात मला म्हणाला, "माझीच चूक झाली गं, दादाला काही विचारू नको." मी विचारलं नाही. पुस्तक काढलं तेही तसंच काढलं, घाई करणारा ऑपरेटर आणि आठ पानं. एका रविवारी सकाळी चहा पिताना सुजित ते चाळत होता. आठव्या पानावर थांबला. उरलेल्या बोटांनी कागद धरून म्हणाला, "इथं चावी राहिली की."

मी म्हटलं, कसली चावी?

त्याने कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. त्या दिवशी माल अडला होता, तूच सेन्सर बंद केलास, आणि "मी आहे ना, चालव तू" म्हणालास. तू होतास म्हणूनच त्याने हात घातला. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून त्याने घातला नसता. तुझं नाव मी आईलाही सांगितलेलं नाही, सांगणार नाही. पण चावी राहिली होती, ती मी नवव्या पानावर काढली. पुढची पानं त्यानंतरची.

राग आहे का? आहे. खूप आहे. तू माझा भाऊ आहेस, मला पहिली रंगपेटी तू आणून दिलीस, म्हणून तो जास्त आहे. तरी झालं गेलं म्हणून मी तोंड मिटून घेतलं असतं. पण दसऱ्याला सुजित पूजेला आत गेला होता. ज्या प्रेसने त्याची बोटं नेली तिला झेंडूचा हार होता, सेन्सरलासुद्धा हळदकुंकू लावलं होतं. त्याने सवयीने सेन्सरच्या दिव्याकडे पाहिलं. मशीनला वीज होती, तरी सेन्सर बंद होता. उद्या शिफ्ट सुरू होईल तेव्हा तिथे कुणीतरी उभं राहणार आहे, दादा. त्याचीही बहीण, बायको कुणीतरी असेल, आणि तिला चित्रं काढता येत असतीलच असं नाही.

ऐकलं नाही तर गेटची नोकरी जाईल असंही तू सुचवलंस. सुजितशी बोलले. तो म्हणाला, "जाऊ दे की. गाड्यांना सलाम ठोकून हात दुखायलाय." तेव्हा मालकांना सांग, ती भीती आता चालणार नाही.

आणि हेही सांग, की पुस्तक त्यांना मिळणार नाही असं मी म्हटलेलंच नाही. त्यांना हवं तेवढं छापू दे, मला विचारायचीही गरज नाही. रंगीत छापा, हजार छापा. नववं पानसुद्धा काढा. परवान्यात तो हक्क तुम्हाला आहे, मीच दिला आहे. फक्त ओडिशाच्या त्या माणसाने जे केलं तेच करावं लागेल. पहिल्या पानावर लिहावं लागेल, "सुपरवायझर सेन्सर बंद करतो ते पान कंपनीने काढलं आहे." हे लिहून पुस्तक कामगारांच्या हातात द्यायची मालकांची तयारी असेल तर माझी हरकत नाही. न लिहिता छापलंत तर मात्र मी गप्प बसणार नाही. नेटवरचं पुस्तक आणि तुमचं पुस्तक शेजारी शेजारी ठेवून भोसरीच्या चौकात फ्लेक्स लावीन. फ्लेक्स लावणं हा माझा धंदाच आहे.

तुला मात्र वेगळं सांगते. तूही बदल करू शकतोस. तोच माणूस, तीच चावी, पण या वेळी तो सेन्सर चालू करतो आहे आणि चावी मालकाच्या टेबलावर नेऊन ठेवतो आहे. आधी ते कंपनीत, तुझ्या प्रेस शॉपमध्ये खरोखर कर. मग ते नवं पान मी स्वतः रेखाटून देईन, त्या माणसाला या बाजूला वळवीन, त्याला तुझा चेहरा देईन, आणि बदल करणाराच्या जागी तुझं नाव घालीन, भावी नगरसेवकांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात.

भाऊबीजेला मी येणार आहे. दार उघडलं नाहीस तर उंबऱ्यावर ओवाळीन. ओवाळणी नको. खालच्या ओळी तुझ्या हाताने भरून दे, पहिली मी भरली आहे.

मूळ चित्रं आणि मजकूर: दीपमाला (मशीनची चित्रं: कोइमतूरचे मास्तर)
काय बदललं:
बदल कुणी केला:

वाट पाहणारी, मागे न हटणारी,
तुझी धाकटी
दीपमाला