मागच्या खोलीची तारीख

आई, कडेच्या खोलीतल्या भाडेकरणीनं आज सकाळीच हाक मारली, मोरी तुंबलीय म्हणून. गवंड्याला निरोप धाडला आणि चहा घेत बसले, तर तुझीच आठवण. खोल्या भाड्यानं देणं म्हणजे बसून खाणं, असं कुणी म्हटलं की तू पदर खोचून हसायचीस. "बसून? पावणं, एक दिवस ऱ्हावून बगा की!" गळका नळ, सामाईक संडास, एकीच्या चुलीचा धूर दुसरीच्या खिडकीत, सगळ्याचा निवाडा तुझ्याच उंबऱ्यावर.

सासर कायमचं सोडून मी परत आले, तेव्हा पुढच्या घरात दादा-वहिनी आणि त्यांची मुलं होती. आपण दोघी स्वयंपाकघरात अंथरूण घालायचो. मला शाळेत नोकरी लागली तशी तू ठरवून टाकलंस, मागची खोली लेकीला. "भावजयीच्या हाताखाली न्हाय ऱ्हायचं. तुझं दार तुझं पायजे." त्या खोलीत फाउंड्रीत काम करणारा एकजण राहत होता, मलकापूरकडचा, बायको आणि दोन पोरं घेऊन. तू त्याला बोलावून सांगितलंस. मान खाली घालून तो दारात उभा आहे, अजून दिसतो मला. "काकी, तुमचं खरं हाय. पर एवढ्या भाड्यात मला कोल्हापुरात खोली कोण देतंय? पोरं घिऊन जाऊ कुठं?" त्याचंही खरंच होतं, आणि कायदाही त्याच्याच बाजूचा. दादा म्हणाला, नळ तोडू, आपोआप जाईल. तू त्याच्यावर अशी ओरडलीस की गल्ली गोळा झाली. "दुसऱ्याच्या पोरांचं पाणी तोडून मिळाल्याली खोली माझ्या लेकीला नगं!"

मग दादानं तुझ्या नावानं दावा लावला. तारखेला तू इरकल नेसून, भाकरी बांधून घेऊन कोर्टात जायचीस आणि पुढची तारीख घेऊन परत यायचीस, तेही त्याच भाडेकरूबरोबर, एकाच बसनं. तुझी पिशवी त्याच्या हातात. वहिनी कपाळावर हात मारून घ्यायची.

एका उन्हाळ्याच्या शेवटी मागची कौलं फुटली होती आणि शाकारायला माणूस मिळेना. दादा म्हणाला, गळू दे, गळली की सोडतील. मी शाळेतून आले तर तू काष्टा घट्ट मारून छपरावर, उन्हानं तोंड लाल झालेलं, आणि खाली त्याची बायको एका हातानं शिडी धरून दुसऱ्या हातानं तुला कौलं देतेय. मी घाबरून म्हणाले, "अगं, आपलं भांडण आहे ना त्यांच्याशी?" तू वरूनच म्हणालीस, "भांडान कोर्टात हाय की. पावसाला त्याचं काय?" ती बाई खाली मान घालून रडत होती. तरी त्यांनी खोली सोडली नाही. कुठं जाणार होते?

दावा तसाच रखडला, आणि शेवटी त्यानंच गावाबाहेर नव्या वसाहतीत दोन खोल्या बांधल्या. जाताना त्याच्या बायकोनं किल्ली तुझ्या हातात ठेवली, तू तिची ओटी भरलीस. दुसऱ्या दिवशी तू स्वतः चुना लावलास, भिंती वाळायच्या आतच माझी वळकटी उचलून तिकडं नेलीस. "आता तुला कुणी ऊठ म्हणायचं न्हाय," म्हणालीस. केवढी खूश होतीस. मीही हसले.

वर्षही झालं नाही आणि तू गेलीस.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून सांगते. स्वयंपाकघरात निजताना तुझा हात झोपेत माझ्या केसांवर यायचा. चूल विझली तरी जमीन ऊबदार असायची, तू बोलता बोलता अर्ध्या वाक्यात घोरायला लागायचीस. माझं दार माझं व्हावं म्हणून तू कोर्टाच्या बाकावर दिवस दिवस बसायचीस. आणि मी इकडं वर्गात, फळ्याकडं तोंड करून, मनात म्हणायचे, आजही पुढचीच तारीख पडू दे.