चांगले जंतू आणि डिंपलची दाढ

४ मार्च २०१२, रविवार
डिंपलला घेऊन गोंदियाला जाऊन आलो. खालच्या दाढेत काळा खड्डा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही दुधाची नाही, पक्की दाढ आहे. आजच भरून घ्या, गेली की परत येणार नाही. सात वर्षांच्या पोरीला पक्की दाढ! मी इकडच्याच गोरेगावच्या शाळेत सामान्य विज्ञान शिकवतो, हे त्यांना सांगितलं नाही. माणसाने नम्र असावं. मशीनचा आवाज ऐकून डिंपल रडली. तिला तिथेच शब्द दिला, बाबा ही दाढ घरीच बरी करतील.

५ मार्च, सकाळी ६
कालच्या पुरवणीत लेख सापडला. तोंडात चांगले जंतू असतात आणि वाईट जंतू असतात. आंबवलेलं खाल्लं की चांगले वाढतात. प्रोबायोटिक! म्हणजे आपली बासीच की. रात्रीचा भात पाण्यात टाका, सकाळी आंबट. आपले पूर्वज सायंटिस्ट होते. लेखाचा शेवट वाचता आला नाही, बायकोने, प्रेमिलाने, त्यावर भजी काढली होती. मुद्दा कळला.
प्लॅन: टूथपेस्ट बंद. बाभळीची दातून, जवसाच्या तेलाच्या गुळण्या, बासी. दोन महिन्यांत खड्डा गायब.

७ मार्च
डिंपलने दातून बकरीला दिली. बकरीचे दात उत्तम आहेत. नोंद घेण्यासारखी बाब.
तेलाची गुळणी कशी करायची ते स्वतः करून दाखवलं. गिळली गेली. शाळेत तिसऱ्या तासापासून वर्गात थांबता आलं नाही.

१२ मार्च
बासी आंबट लागते म्हणून पोरगी तोंड फिरवते. साखर देणार नाही, तत्त्व म्हणजे तत्त्व. गूळ टाकला. गूळ नैसर्गिक. दोन वाट्या प्यायली! प्रेमिला म्हणाली, गूळ दाताला चिकटत नाही काय? तिला साखर आणि गूळ यातला फरक समजावून सांगितला. मी सांगत असताना ती भांडी घासायला निघून गेली.

१५ मार्च
मोठा शोध. बासी पिऊन चूळ भरली तर चांगले जंतू नालीत जातात! इतकी मेहनत नालीसाठी? आजपासून चूळ बंद. झोपायच्या आधी एक जादा वाटी. डिंपल जाम खुश. मुलांना योग्य गोष्ट आपोआप कळते.

२५ मार्च
मोहफुलं पडून राहिली आहेत. गोड, झाडावरून थेट, गुळापेक्षाही नैसर्गिक. मडक्यात फुलं आणि बासीचं पाणी टाकलं, फडकं बांधून न्हाणीमागे ठेवलं. पूर्ण उन्हाळ्याचा स्टॉक.

२८ मार्च
बुडबुडे! जंतू जिवंत आहेत. प्रेमिलाला मुद्दाम बोलावून दाखवलं. ती पदर नाकाला लावून परत गेली. डिंपल वासानेच पळाली. तिच्यासाठी सध्या गुळाची बासीच चालू.

३० मार्च
शेजारचा कवडू कधी नाही तो घरी आला. मडकं हुंगलं आणि म्हणाला, गुरुजी, सडवा फर्स्टक्लास येऊन राहिला जी, परवा भट्टीवर चढवा. दारू गाळायच्या आधी मोह आंबवतात, तो सडवा. मी त्याला प्रोबायोटिक समजावलं. तो म्हणाला, हो जी, माह्या बापानं जनमभर तेच काढलं.

२ एप्रिल
मुख्याध्यापक भैय्यालाल सरांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, पगारात भागत नाही काय, काऊन असे धंदे करता? संध्याकाळी मडकं नालीत रिकामं केलं. कवडू नालीकडे पाहत बराच वेळ उभा होता.
समाज तयार नाही. गूळ-बासी मात्र चालूच राहणार.

१९ एप्रिल
डिंपल एकाच बाजूने जेवते. गार पाणी दाढेला झोंबतं म्हणाली. उघड आहे, आत चांगल्या आणि वाईट जंतूंची लढाई पेटली आहे. लढाई म्हटली की थोडं दुखणारच. दाढेत लवंग ठेवली.

२३ एप्रिल
गाल सुजला. पोरगी सकाळपासून रडते आहे. मी लढाई शेवटच्या टप्प्यात असल्याचं सांगत होतो. प्रेमिलाने चप्पल घातली, डिंपलला कडेवर घेतलं आणि एसटी स्टँडकडे निघाली. मी मागोमाग. डॉक्टरीणबाईंनी सूज उतरायला गोळ्या दिल्या. शनिवारी बोलावलं आहे.

२८ एप्रिल, शनिवार
दाढ काढली. पक्कीच होती.
डॉक्टरीणबाईंनी डिंपलला विचारलं, रात्री गोड खाऊन चूळ भरत नव्हतीस ना? कोणी शिकवलं असं? डिंपलने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, कोणीच नाही, मीच आळस करत होती. बाईंनी तिला चांगलंच झापलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. मी बाजूलाच उभा होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
परतीच्या एसटीत तिच्या तोंडात कापूस होता. खुणेने मला खाली वाकायला सांगितलं आणि कानात म्हणाली, बाबा, मी शाळेत पण कोणाला नाही सांगणार.