बापूंची पांढरी पट्टी

प्रिय विशू,

आबांनी चपला दाराशी काढल्या आणि ते सरळ माझ्या रांगोळीवरून चालत गेले.

तीन दिवसांत तसं कोणी केलं नव्हतं. शाळेच्या हॉलमध्ये मी चाळीस फूट लांब पांढरी पट्टी घातली होती, बोटभर जाड. खाली फरशीवर गेरूने नावं लिहिली होती. माणसं अनवाणी चालतील, पांढरं सरकेल, नावं दिसतील, असा बेत. दाराशी तशी सूचनाही लावली होती. पण रांगोळीवर पाय कोण देणार? लोक चपला काढायचे, भिंतीला चिकटून कडेने पुढे जायचे, लांबूनच हात जोडायचे. एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुडवायचीच होती, तर काढलीत कशाला?" इतकी वर्षं रांगोळ्या काढते, हे मला आधी सुचायला हवं होतं.

तू फोन घेत नाहीस. तुझा राग मला कळतो. धायरीत तू आजोबांच्या नावाची कमान बांधतो आहेस, 'रणवीर रामदास' अशी, आणि त्याच वेळी तुझी बहीण सांगत सुटली आहे की बापू ब्रह्मदेशात लढले नाहीत. सिंगापूरला पकडले गेले आणि जपान्यांनी त्यांना एका बेटावर नेऊन तीन वर्षं राबवलं. प्रवाळाचे खडक फोडायचे, त्यांची पांढरी पूड पसरायची, वरून दगडी रूळ ओढायचा. विमानांसाठी धावपट्टी. सुटकेनंतर त्यांनी दिलेल्या जबानीची प्रत मी तुला पाठवली होती. उघडलीस की नाही, माहीत नाही. तीत बावीस नावं आहेत, काम करता करता पडले आणि उठले नाहीत त्यांची. पुरायला वेळ देत नसत, म्हणून त्यांना धावपट्टीतच घेतलं, असं बापू सांगतात. आपल्या दारात दिवाळीलाही रांगोळी का नसायची, ते मला तिथे कळलं.

आबा मधेच थांबले. त्यांच्या टाचेखाली मच्छिंद्र हे नाव आलं होतं. लोणी काळभोरचा. त्याच्या घरी बापू दर वर्षी जायचे, आबा विशीत असताना आपल्या या मुलालाही सोबत न्यायचे. मच्छिंद्रची आई दर वर्षी विचारायची, कसा गेला. बापू सांगायचे, गोळी लागून. एकदा बाहेर आल्यावर ते रस्त्याच्या कडेला बसले आणि त्यांनी आबांना सगळं सांगितलं. म्हणजे विशू, आबांना कायम माहीत होतं. स्वतःच्या लढाईची गोष्ट बापूंनी कधीच कोणाला सांगितली नाही. ती आबांनी रचून गावात सांगितली, मग आपल्याला.

ते पायाने पांढरं सारत, एकेक नाव वाचत शेवटपर्यंत गेले. मग विचारलं, "बापूंचं नाव कुठं हाय?" मी म्हटलं, ही गेलेल्यांची नावं आहेत, बापू तर परत आले.

"कुठं आले परत?"

ते खाली बसले आणि त्यांनी उरलेल्या पांढऱ्यावर बोटाने रामदास असं लिहिलं. उठताना मला हात द्यावा लागला.

रात्री मी धायरीला आबांकडेच राहिले. हे पत्र आबांनी लिहायला सांगितलं आहे. कमानीवर 'रणवीर' नको, नुसतं नाव असू दे, आणि खाली ती बावीस नावं घाल, असं त्यांचं म्हणणं आहे. मी म्हटलं, तुम्हीच सांगा त्याला. ते म्हणाले, "त्याला लढाई मीच शिकवली. आता कोणत्या तोंडानं सांगू?" म्हणून मी सांगते आहे.

तुझीच,
ऋतुजाताई

ता. क. पाकीट बंद करायचं राहिलं होतं. सकाळी आबांनी चहा घेतला आणि बादली घेऊन कमानीच्या नव्या काँक्रीटवर पाणी मारायला गेले.