मानेतली गाठ आणि दोन प्रकारचा खरवस

४ नोव्हेंबर, मंगळवार

१. काल जालन्याच्या दवाखान्यात माझ्या मानेतल्या गाठीची सुईने तपासणी होती.
२. मी टेबलावर आडवी झाले. डॉ. शरयू मॅडमनी सुईचं पाकीट फोडलं.
३. मी खाली, भावाच्या मोटारसायकलपाशी उभी होते.

दोन आणि तीनच्या मधलं आठवत नाही.

मी घाबरलेले नाही. इंजेक्शनच्या सुयांची टोकं डिझाइन करणं ही माझी नोकरी आहे. फक्त माझ्या मानेचा डेटा हाताशी नव्हता. गाठ कॅन्सरची आहे का, हे सुईशिवाय कळणार नाही. नवी तारीख बारा. तोवर तयारी.

६ नोव्हेंबर

म्हैस व्याली. खरवस मऊपणात मानेच्या जवळ जातो. गोजरआत्याला दोन प्रकारचा मागितला. पाहुणे येऊन राह्यले का, असं तिनं विचारलं. प्रयोग आहे, म्हटलं. पहिल्या दिवसाच्या चिकाचा घट्ट होईल, दूध घातलेला मऊ, म्हणाली. गूळ नको म्हटलं, ते तिनं ऐकलं नाही.

७ नोव्हेंबर

खरवस किचनच्या डिजिटल काट्यावर ठेवून सुई दाबली. आधी वरचा भाग खोल दबतो, आकडा चढतो. मग एकदम फुटतो, सुई आत, आकडा खाली. सावकाश टोचलं तर जास्त दबतो. निष्कर्ष: हात जलद हवा. मॅडमना सांगणे.

मऊ नमुना भावानं, हरिओमनं, खाल्ला. वर म्हणाला, "ताई, तुझ्या मानेत विलायची कमी पडून राह्यली."

९ नोव्हेंबर, सकाळ

स्वतःच्या दंडावर चाचणी. रद्द. उजेड कमी.

दुपारी

रद्द. उजेड डोळ्यांवर.

११ नोव्हेंबर

मन शांत. गाठ सारखी चाचपून पाहिली, तेवढंच. सकाळी वाटलं वाढली. चहानंतर वाटलं नाही. उद्या पूर्ण तयार.

१२ नोव्हेंबर, संध्याकाळी

टेबलावर टिकले. सुईच्या वेगाबद्दल मॅडमना सगळं समजावलं, दोन्ही खरवसांच्या आकड्यांसह. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "झालं? आता बोलायचं नाही, आवंढा गिळायचा नाही."

गिळला. गळ्याबरोबर गाठ वर सरकली, सुई बाजूला. खरवस आवंढा गिळत नाही, ही मॉडेलची मर्यादा. बाकी तपासणी यशस्वी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

रिपोर्ट: नमुना अपुरा. निदान नाही. पुन्हा करावी लागेल.

मॅडमना पाठवलेला मेसेज:

मॅडम, मी अर्पिता, हसनाबाद. तपासणीसाठी पुन्हा तारीख द्यावी. सुईच्या वेगाबद्दल मी काही बोलणार नाही. मला खूप भीती वाटते. माझी आत्या आत येऊन हात धरून बसली तर चालेल का? मंगळवार, १८ तारखेपर्यंत कळवावे.