गालाची आग आणि आईचं क्रीम

धाकट्या,

माझ्या रेझरने दाढी करताना तुझे गाल सोलले म्हणून तू कपाटातलं आईचं क्रीम खरवडून संपवलंस. त्या क्रीमवर तिच्या बोटाची खूण होती. ती गेल्यापासून मी रोज झाकण उघडून बघायचो, पण क्रीमला कधी हात लावला नाही. तू मात्र रिकामी डबी कचऱ्यात टाकलीस आणि वर मलाच म्हणालास, "जुनीच तर होती, बाबा."

माझा रेझर तुझ्या प्लॅस्टिकच्या रेझरसारखा नाही. तो चांगला जड आहे, त्याच्या वजनानेच केस निघतात. तू भांडं घासल्यासारखा दाबतोस, तेही केसांच्या उलट दिशेने. मग आग होणारच. आधी कोमट पाण्याने दाढी भिजवायची, भरपूर फेस करायचा, केस वळतात त्याच बाजूने हलक्या हाताने फिरवायचा आणि शेवटी गार पाणी मारायचं. क्रीम लागतच नाही. एवढं विचारायला तुझी जीभ झडली होती का?

डबी मी कचऱ्यातून काढून, पुसून माझ्या उशाशी ठेवली आहे. हात लावलास तर बघ.

मी कामावर जातोय. तोंड बरं होईपर्यंत दाढी करू नकोस आणि माझ्याशी बोलूही नकोस.

बाबा